सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत एकच गोष्ट वेगळी दिसली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचव्या महिन्याची अ‍ॅनोमली स्कॅन होते, रिपोर्टच्या शेवटी एक ओळ ठळक छापलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत त्या ओळीचा फोटो माझ्या फोनवर येतो. कोथरूड-हडपसरमधून येतो, तसाच जुन्नर, दौंड, सासवडहूनही येतो. मी पुण्यात जेनेटिक काउन्सेलिंग करते. जे प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडप्याकडून येतात ते इथे एकत्र केले आहेत. मेंदूत एखादी गोष्ट वेगळी आहे पण बाकी बाळ नीट दिसतंय, अशांसाठी हे पान आहे. एकाहून जास्त अवयवांत दोष असेल किंवा पाठीच्या कण्याचा दोष असेल, तर इथली उत्तरं तुम्हाला लागू होत नाहीत. तुमचा रिपोर्ट वाचायचं काम तुमच्या डॉक्टरांचंच.

१. रिपोर्टमध्ये 'आयसोलेटेड' लिहिलंय. हे चांगलं की वाईट?

चांगलं, पण अजून कच्चं. त्या दिवशी, त्या मशीनवर, ही एक गोष्ट सोडून दुसरं काही वावगं दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते पक्कं व्हायला मेंदूची बारकाईने केलेली सोनोग्राफी, गुणसूत्रांची तपासणी आणि संसर्गाची तपासणी लागते. शिवाय वेळही लागतो. पाचव्या महिन्यात मेंदू अजून घडत असतो आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या वळ्यांचे काही दोष सातव्या-आठव्या महिन्याआधी दिसतच नाहीत.

पुढे जे आकडे दिले आहेत ते या सगळ्यातून पार पडलेल्या बाळांचे आहेत. तपासण्या व्हायच्या आधी तो आकडा तुमच्या बाळाला लावू नका, चांगला असो की वाईट. नको ती घबराट आणि खोटी आशा दोन्ही बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात: काही तपासलेलं नसताना कुणीतरी टक्केवारी सांगून मोकळं होतं.

२. 'बाळाच्या मेंदूत पाणी आहे' असं सांगितलं. बाळ मतिमंद होईल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या प्रत्येकाला असतात, तुम्हालाही आहेत. सोनोग्राफीत त्यांतल्या बाजूच्या पोकळीची रुंदी ठरलेल्या जागी मोजतात. दुसऱ्या तिमाहीपासून प्रसूतीपर्यंत ती १० मिलिमीटरच्या आत असायला हवी. १० ते १२ म्हणजे सौम्य, १३ ते १५ मध्यम आणि १५ च्या वर तीव्र वाढ.

अमेरिकेतल्या माता-गर्भ वैद्यक संस्थेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, १० ते १२ मिमी रुंदी असून दुसरं काहीही सापडलं नाही, तर ९० टक्क्यांहून जास्त मुलांची वाढ नेहमीसारखी होते. १३ ते १५ मिमीमध्ये हे प्रमाण ७५ ते ९३ टक्के सांगितलं जातं. १५ च्या वर गेल्यावर आकड्यांत बोलण्यापेक्षा कारण शोधणं महत्त्वाचं. पाण्याची वाट कुठे अडली आहे का, रक्तस्राव झालाय का, मेंदूचा पदार्थ पातळ झालाय का, यावर सगळं ठरतं.

एकदाच्या मापावर थांबू नका. बऱ्याच बाळांत रुंदी तशीच राहते किंवा कमी होते, काहींत वाढते. ज्यांच्यात वाढते त्यांच्यात दुसरं काहीतरी सापडण्याची शक्यताही वाढते, म्हणून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा मोजतात.

३. एका सेंटरवर १०.४ आलं, दुसऱ्यावर ९.६. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. प्रतलाचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या छेदाचा, कोन जरा बदलला किंवा मापाची खूण पोकळीच्या भिंतीच्या आत ठेवायची ती बाहेर ठेवली गेली, तर अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. प्रोबच्या जवळची बाजू नेहमीच धूसर दिसते, त्यामुळे कधी एकाच बाजूचं माप दिलेलं असतं. मुलग्यांमध्ये ही पोकळी सरासरी किंचित रुंद असते. पण १९९४ च्या कायद्याने गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे, तेव्हा तो हिशेब डॉक्टरांना विचारू नका.

तिसऱ्या, चौथ्या सेंटरवर आठवडाभरात चकरा मारण्याने काही साधत नाही. गर्भाच्या मेंदूची सोनोग्राफी नियमित करणाऱ्या एकाच डॉक्टरांकडून, त्याच मशीनवर, ठरावीक अंतराने केलेली दोन मापं जास्त सांगून जातात.

४. पुढे नेमक्या कोणत्या तपासण्या करायच्या?

आधी न्यूरोसोनोग्राफी. ही नेहमीच्या अ‍ॅनोमली स्कॅनपेक्षा वेगळी असते. मेंदू आडव्या प्रतलाबरोबर उभ्या प्रतलांतूनही पाहतात, आणि बाळाचं डोकं खाली असेल तर योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी कितीतरी स्पष्ट दिसते. ऐकून बायका बिचकतात, पण त्यातून बाळाला धोका नसतो. त्याच वेळी हृदय, चेहरा, हातपाय आणि पाठीचा कणा पुन्हा नीट पाहिला जातो. मग गर्भजलाची तपासणी (प्रश्न ५), संसर्गाची तपासणी (प्रश्न ६) आणि गरजेप्रमाणे एमआरआय (प्रश्न ११). सगळ्यांना सगळं लागत नाही. कोरॉइड प्लेक्सस सिस्टला (मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या भागातला पाण्याचा छोटा फोड, प्रश्न ७) यातलं बहुतेक काहीच लागत नाही.

५. एनआयपीटी नॉर्मल होती. मग पोटातून पाणी काढायची काय गरज?

एनआयपीटी ही आईच्या रक्तावरची तपासणी मुख्यतः २१, १८ आणि १३ या गुणसूत्रांच्या जादा प्रतींचा अंदाज देते. मेंदूतल्या वेगळेपणामागे कधीकधी गुणसूत्राचा एखादा छोटा तुकडा गळालेला किंवा दुपटलेला असतो. तो गर्भजलावरच्या मायक्रोअ‍ॅरे तपासणीत सापडतो. वरवर एकट्या वाटणाऱ्या सौम्य-मध्यम पाणीवाढीतही सुमारे ५ टक्के बाळांत गुणसूत्रांचा दोष निघतो.

गर्भजल काढल्यामुळे गर्भपात होण्याचा जादा धोका अनुभवी हातांत हजारी एक ते तीनच्या आसपास धरला जातो. फिशचा (ठरावीक गुणसूत्रं मोजणाऱ्या जलद तपासणीचा) प्राथमिक रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, मायक्रोअ‍ॅरेला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. 'विचार करून सांगतो' म्हणत तीन आठवडे गेले तर पुढे कायद्याची मुदत आड येते (प्रश्न १३). करायची नसेल तर तसं ठरवा, तो तुमचा हक्क आहे. फक्त दिवस टळत राहिले म्हणून ती राहून जाऊ नये.

६. टॉर्च टेस्टमध्ये (संसर्गांसाठीची आईची रक्ततपासणी) आयजीजी पॉझिटिव्ह आलं. म्हणजे बाळाला संसर्ग झालाय?

नाही. आयजीजी म्हणजे आयुष्यात कधीतरी तो संसर्ग होऊन गेला. सायटोमेगॅलो विषाणूचं आयजीजी आपल्याकडे बहुतेक बायकांमध्ये पॉझिटिव्हच असतं. आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची खूण, पॉझिटिव्ह आलं तरी ते महिनोन्महिने तसंच राहू शकतं, म्हणून सोबत अ‍ॅव्हिडिटी (संसर्ग नवा की जुना, याचा अंदाज देणारी तपासणी) पाहतात. बाळापर्यंत संसर्ग पोचला का, हे आईच्या रक्तावरून ठरत नाही. गर्भजलाच्या पीसीआरवरून ठरतं, आणि तीही २० आठवड्यांनंतर केलेली जास्त भरवशाची. गर्भजल काढणारच असाल तर त्यातलंच थोडं या तपासणीला पाठवायला सांगा. दुसऱ्यांदा सुई नको.

७. कोरॉइड प्लेक्सस सिस्ट दिसली. ऑपरेशन लागेल?

नाही. दुसऱ्या तिमाहीत शंभरातल्या एक-दोन बाळांत ती दिसते आणि बहुतेक वेळा २८ आठवड्यांपर्यंत विरून जाते. बुद्धीवर तिचा परिणाम होत नाही. ट्रायसोमी १८ शी (१८ व्या गुणसूत्राची जादा प्रत) तिचा संबंध आहे, पण त्या बाळांत बहुधा इतर खुणाही दिसतात. स्कॅनमध्ये बाकी सगळं नीट आणि स्क्रीनिंग कमी जोखमीचं असेल, तर निवांत राहा.

८. एका रिपोर्टमध्ये 'मेगा सिस्टर्ना मॅग्ना' आणि दुसऱ्यात 'डँडी-वॉकर' लिहिलंय. दोन्ही एकच का?

अजिबात नाही, आणि ही गल्लत फार महागात पडते. लहान मेंदूच्या मागची पाण्याची जागा १० मिमीहून मोठी, पण लहान मेंदू आणि त्याचा मधला भाग, वर्मिस, पूर्ण असेल, तर ती मेगा सिस्टर्ना मॅग्ना. ती एकटी असली तर बहुतेक मुलं नीट वाढतात. डँडी-वॉकरमध्ये वर्मिस अपुरं असतं, वर उचललं गेलेलं असतं आणि मागची पोकळी खूप मोठी होते. तिथे पुढचं चित्र वेगळं आणि जास्त अवघड.

या दोहोंच्या मध्ये ब्लेक्स पाऊच सिस्ट असते. तिच्यात वर्मिस पूर्ण असतं, फक्त थोडं वर फिरलेलं. एक पातळ पिशवी वेळेवर फुटली नाही की असं दिसतं, आणि पुष्कळ बाळांत २४ ते २६ आठवड्यांपर्यंत ते आपोआप सुटतं. म्हणूनच १८-१९ आठवड्यांच्या स्कॅनवर 'वर्मिस नाही' असा शिक्का घाईने मारू नये. वर्मिस उभ्या मध्यप्रतलात पाहिलं का, हे विचारा. पाहिलं नसेल तर न्यूरोसोनोग्राफी होईपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नका.

९. कॉर्पस कॅलोसम नाही असं निघालं. अशी मुलं शाळेत जातात का?

जातात, बरीचशी नेहमीच्या शाळेत. पण हे उत्तर लांब आहे.

मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना जोडणारा हा जाड पट्टा १८ ते २० आठवड्यांपर्यंत आकाराला येतो. तो बनला नाही तर तंतू वेगळ्या दिशेने वळतात आणि दोन्ही अर्धांतला काही व्यवहार इतर छोट्या जोडांवरून चालतो. पुण्यात लकडी पूल बंद असला की पेठांतली माणसं दुसऱ्या पुलावरून डेक्कनला पोचतात, फक्त वेळ जास्त लागतो. या मुलांचंही पुष्कळदा तसंच होतं: गोष्ट जमते, पण उशिरा, किंवा जास्त दमून.

खरोखर एकट्या दोषात सुमारे चारपैकी तीन मुलांचा विकास चाचण्यांत सामान्य येतो. उरलेल्यांत काहींना सौम्य-मध्यम अडचणी असतात, काहींना तीव्र, त्यात फिट्सही. यातल्या दोन गोष्टी सहसा कुणी समजावून सांगत नाही. एक म्हणजे, गर्भात 'एकटा' वाटलेला दोष काही मुलांत जन्मानंतर एकटा राहत नाही, आणखी काही सापडतं. म्हणून इथे मायक्रोअ‍ॅरे आणि एमआरआय टाळू नयेत, आणि जोडप्याची तयारी असेल तर एक्झोम तपासणीचाही (जनुकांतले बारीक बदल शोधणारी) विचार करावा. दुसरी म्हणजे, तीन वर्षांचं मूल सामान्य ठरलं तरी गणित, विनोद समजणं, मित्रांमधले न बोललेले इशारे ओळखणं, अशा अडचणी प्राथमिक शाळेत वर येऊ शकतात. तेव्हा मुलाला आळशी म्हणण्याऐवजी मदत द्यायची असते.

या दोषात पाण्याच्या पोकळ्या मागच्या बाजूला थेंबासारख्या फुगतात. म्हणून काही वेळा पहिला रिपोर्ट नुसता 'पाणी वाढलंय' असा येतो आणि खरं कारण नंतर कळतं.

१०. 'कॅव्हम दिसत नाही' असं लिहिलंय.

आधी आठवडे पाहा. कॅव्हम सेप्टी पेल्युसिडी ही पुढची छोटी पोकळी साधारण १८ ते ३७ आठवड्यांत दिसायला हवी. या काळात नीट पाहूनही ती नसेल तर कॉर्पस कॅलोसम तपासायचाच (प्रश्न ९). तो पूर्ण असून फक्त बाजूच्या दोन पोकळ्यांमधला पडदा नसेल, तर पुष्कळ मुलं चांगली वाढतात. पण दृष्टीची नस आणि पिट्युटरी ग्रंथी यांचा दोष सोबत आहे का, हे गर्भात खात्रीने सांगता येत नाही. तेवढी अनिश्चितता बाळ जन्मेपर्यंत राहते, आणि जन्मानंतर डोळे व हार्मोन तपासावे लागतात.

११. गरोदरपणात एमआरआय? बाळाला किरण लागणार नाहीत?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. गर्भासाठी केलेल्या एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं (चित्र ठळक करणाऱ्या द्रव्याचं) इंजेक्शनही देत नाहीत. आवाज मोठा असतो, अर्धा-पाऊण तास कुशीवर स्थिर पडावं लागतं, बस.

उपयोग किती? ब्रिटनमधल्या मेरिडियन अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, सोनोग्राफीचं मेंदूबद्दलचं निदान ६८ टक्के वेळा बरोबर होतं आणि एमआरआयची भर पडल्यावर ९३ टक्के वेळा. मात्र तज्ज्ञाने उत्तम न्यूरोसोनोग्राफी केली असेल तर एमआरआयने पडणारी भर कमी होते. २२ आठवड्यांआधी चित्र फारसं उपयोगी येत नाही. मेंदूच्या वळ्या पाहायच्या तर २८ ते ३२ आठवडे उत्तम. गर्भाचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडूनच तो वाचून घ्या. मोठ्यांचे एमआरआय वाचण्याचा अनुभव इथे पुरत नाही.

१२. डोक्याचा घेर दोन आठवडे मागे आहे. बाळाचा मेंदू लहान आहे का?

बहुधा नाही. आधी पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून तारखा पक्क्या करा, मग आई-बाबांच्या डोक्याचा घेर टेपने मोजा, कारण ठेवण घराण्याची असते. घेर सरासरीपेक्षा तीन प्रमाण विचलनांहून (रिपोर्टमध्ये 'एसडी') खाली गेला किंवा प्रत्येक मापाला मागे पडत गेला, तर काळजीचं.

१३. आता २२ आठवडे झालेत. गर्भपाताचा निर्णय घ्यायचा तर कायदा काय म्हणतो?

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि बाळाला गंभीर अपंगत्व येण्याची मोठी शक्यता हे त्यांतलं एक कारण आहे. २४ आठवड्यांनंतर केवळ गर्भात मोठा दोष असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळाने निदान केल्यावर. नियमांप्रमाणे मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. पुण्यात त्यासाठी ससून रुग्णालयात जावं लागतं. जाताना सगळे मूळ रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म आणि ओळखपत्र न्या.

सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही कायदा मागत नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आता माझं मत. १०-११ मिमी पाणीवाढीसाठी किंवा कोरॉइड प्लेक्सस सिस्टसाठी, काहीही न तपासता, '२४ आठवडे संपायच्या आत उरकून टाकू' असा सल्ला मिळालेली जोडपी मी पाहते, आणि मला ते फार लागतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे: कॉर्पस कॅलोसमसारख्या दोषात सगळी माहिती घेऊन कुणी गर्भपाताचा निर्णय घेतला, तर त्या आईला दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. दोन्हींसाठी वेळ हवा, म्हणून अ‍ॅनोमली स्कॅन १८-१९ आठवड्यांतच करून घ्या.

१४. ग्रहणात भाजी चिरली, पहिल्या महिन्यात स्कूटर चालवली. त्यामुळे झालं का?

नाही. ग्रहण, खड्डे, मोबाईल, पपई, जिना, यांतल्या कशानेही कॉर्पस कॅलोसम थांबत नाही की पोकळी रुंदावत नाही. हा प्रश्न बहुतेक वेळा सुनेच्या फोनवरून येतो आणि मागे घरातलं कुणीतरी बोलत असतं. हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा. खऱ्या कारणांत गुणसूत्रं आणि जनुकं, काही संसर्ग, गर्भातला रक्तस्राव, काही औषधं आणि मद्य येतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

१५. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलंय. करू का?

मन होत असेल तर जरूर करा. नातेवाइकांना रिपोर्ट सांगायची सक्ती नाही. 'डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे' एवढं उत्तर सगळ्यांना पुरतं.

१६. पाचव्या महिन्यात सगळं नीट होतं आणि ३२ आठवड्यांना १३ मिमी आलं. आधी चुकलं का?

बहुधा चुकलं नसावं. उशिरा दिसलेल्या वाढीची कारणं वेगळी असतात: मेंदूतला रक्तस्राव, उशिराचा संसर्ग, किंवा पाण्याची वाट हळूहळू अरुंद होणं. रक्तस्रावाच्या खुणा असतील तर आईच्या रक्तात बाळाच्या प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, ते तपासायला सांगा. दुर्मीळ कारण आहे, पण ओळखलं तर पुढच्या बाळासाठी उपचार करता येतो. यासाठी आई आणि वडील दोघांचं रक्त लागतं.

१७. जुळ्यांपैकी एकातच दोष आहे.

वार एकच आहे की दोन, हे पहिल्या तिमाहीच्या रिपोर्टात शोधा. दोन वेगळ्या वारा असतील तर प्रत्येक बाळाचा विचार वेगळा होतो. एकच वार असेल तर रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, एकाचं जे होईल त्याचा फटका दुसऱ्याच्या मेंदूला बसू शकतो. अशा वेळी एका बाळाबद्दल कोणताही निर्णय फीटल मेडिसिन तज्ज्ञाशिवाय घेऊ नये.

१८. पुढच्या वेळी पुन्हा होईल का?

गुणसूत्रं नीट आणि संसर्ग नाही, तर पुन्हा होण्याची शक्यता सहसा कमी असते. अपवाद लक्षात ठेवा. नवरा-बायको नात्यातले असतील, म्हणजे मामेबहीण-आतेभाऊ असं लग्न असेल, तर दोघांत एकच सुप्त दोष असण्याची शक्यता वाढते. आईच्या भावांत किंवा तिच्या बहिणींच्या मुलग्यांत डोक्यात पाणी झालेलं असेल, तर ते आवर्जून सांगा, त्यामागे एक विशिष्ट जनुक असू शकतं. सायटोमेगॅलोसाठी लस नाही. घरात अंगणवाडीत जाणारं मूल असेल तर त्याचं उष्टं खाऊ नका आणि लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवा. फॉलिक अ‍ॅसिड पाठीच्या कण्याच्या दोषांसाठी घ्यायचंच, पण पाणीवाढ त्याने टळेलच असं समजू नका.

१९. सिझेरियनच करावं लागेल का?

सौम्य, एकट्या दोषासाठी नाही. डोकं फार मोठं झालं असेल किंवा रक्तस्रावाची भीती असेल तरच पद्धत बदलते. प्रसूती कुठे करायची, हे मात्र आधी ठरवा. तीव्र पाणीवाढ असेल तर जिथे नवजात अतिदक्षता आणि मेंदूचे सर्जन आहेत अशा ठिकाणी.

२०. बाळ जन्मलं, छान दूध पितंय. तरी तपासण्या करायच्या?

हो. टाळूतून मेंदूची सोनोग्राफी करतात, त्याला भूल लागत नाही. डोक्याचा घेर प्रत्येक लसीच्या वेळी मोजून तक्त्यावर भरून घ्या. टाळूला तेल लावायचं तर हलक्या हाताने, दाबून नको. टाळू फुगलेली दिसली, नजर खाली झुकल्यासारखी राहिली, सारखी उलटी झाली किंवा घेर तक्त्यावरच्या रेषा ओलांडू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सायटोमेगॅलोची शंका असेल तर लघवीची किंवा लाळेची पीसीआर पहिल्या २१ दिवसांतच करा. त्यानंतर पॉझिटिव्ह आली तर संसर्ग गर्भातला की जन्मानंतरचा, हे सांगता येत नाही. ऐकण्याची तपासणी सगळ्यांचीच करावी.

विकासाची तपासणी सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं आणि शाळेत जाण्याआधी. खासगीत परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं ही तपासणी आणि थेरपी मोफत देतात. तिथे जायला आधी कुठलं निदान असायलाच हवं असं नाही. मान धरायला, बसायला किंवा बोलायला उशीर होतोय असं आईला वाटतंय, एवढं पुरतं.